उजव्या बाजूने

"वाढायचं डावीकडून, उचलायचं उजवीकडून. आणि ताटलीवर ताटली वाजता कामा नये."

पंचवीस वर्षांपूर्वीच्या मालकिणीचा तो आवाज तोमासाच्या कानात अजून तितकाच थंड होता. तिने काटा डाव्या हातात धरला, सुरी उजव्या, आणि कोंबडीचा तुकडा हाडापासून अलगद सोडवला. समोर बसलेल्या लेकीने, इर्माने, रोखून धरलेला श्वास सोडला.

रविवारचं जेवण होतं, राजधानीतल्या दोन्या ग्रासिएलाच्या, म्हणजे ग्रासिएलाबाईंच्या, घरी. तिच्या मुलाशी, आल्वारोशी, इर्माचं लग्न ठरत होतं. डोंगरातून उतरणाऱ्या बसमध्ये इर्मा चार तास आईला पढवत आली होती. भाकरीने रस्सा पुसायचा नाही. जेवण झाल्यावर गावच्यासारखे एकेकाकडे वळून आभार मानायचे नाहीत. आणि सगळ्यात शेवटी, खिडकीबाहेर बघत, तिने सांगून टाकलं की आई शाळेत शिकवायची, असं ती या लोकांना बोलून बसली आहे. आईने फक्त हो म्हणावं. तोमासा बरं म्हणाली. मग शहर येईपर्यंत मांडीवरच्या शालीची घडी घालत राहिली, मोडत राहिली.

काटा-सुरी मात्र शिकवावी लागली नाही. मालकिणीच्या घरी अकरा वर्षं तिने ती घासली होती, पुसली होती, मांडली होती. तोंडाशी नेली आज पहिल्यांदा. त्या घरी ती चुलीपाशी बसून मक्याच्या भाकरीच्या तुकड्याने जेवायची, आणि लहानगी इर्मा तिच्या मांडीला टेकून. रस्सा आधी बोटांना कळायचा, मग जिभेला. आज तिळाच्या आणि भोपळ्याच्या बियांच्या त्याच रश्शाला धातूची चव होती. भाकऱ्या टोपलीत, फडक्याखाली, ऊब धरून वाट बघत होत्या.

"विहीणबाई, तुम्ही तर आमच्याहून नेटक्या जेवता," दोन्या ग्रासिएला म्हणाली. "आमचा आल्वारो बघा, फावडं धरल्यासारखा काटा धरतो."

"खड्डा भरायचाय ना, आई," आल्वारो पोटावर हात ठेवून म्हणाला.

सगळे हसले. तोमासाही हसली, दात न दाखवता.

ताटल्या रिकाम्या झाल्या. गावी असती तर या घडीला तिने प्रत्येकाकडे बघून आभार मानले असते. आज ते ओठांआड राहिले आणि हात रिकामे पडले. घरच्या मोलकरणीची रविवारची सुट्टी होती. दोन्या ग्रासिएलाने काटा आणि सुरी ताटलीवर शेजारीशेजारी ठेवली, आणि जेवण संपल्याच्या त्या खुणेसरशी तोमासा उठली.

यजमानिणीच्या उजव्या बाजूने वाकून तिने ताटली घेतली. काटा अंगठ्याखाली दाबला, सुरी त्याच्याखाली सरकवली. दुसरी ताटली मनगटावर तोलली. कसलाही आवाज झाला नाही. तिसरीला हात घातला तेव्हा तिला कळलं, बोलणं केव्हाच थांबलं आहे.

दोन्या ग्रासिएला तिच्या मनगटाकडे बघत होती. जन्मभर घरात मोलकरणी ठेवलेल्या बाईला काय दिसतंय ते सांगावं लागत नाही.

"शाळेत हेही शिकवायचात का, विहीणबाई?"

आवाजात खोच नव्हती. तेच जास्त लागलं. तोमासाने लेकीकडे पाहिलं. इर्माचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं.

"हो," तोमासा म्हणाली. "मुलींना शिकवायचे."

इर्मा खुर्ची मागे सारून आली आणि आईच्या हातावरच्या ताटल्या घेऊ लागली. तिला ते जमेना. ताटलीवर ताटली खणकन वाजली, सुरी फरशीवर पडली. उचलायला आई वाकली, तसा इर्माने तिचा दंड धरला.

"राहू दे, आई."

मग ती दोन्या ग्रासिएलाकडे वळली.

"आई शाळेत नव्हती. याच शहरात एका घरी अकरा वर्षं ताटल्या उचलायची. त्या घरच्या चुलीपाशी मी वाढले. मला तिची लाज वाटली, म्हणून मी खोटं बोलले."