पहिली पिशवी घरच्यांची

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या बॅनरवर बाबा कोपऱ्यात होते, पासपोर्टच्या फोटोएवढे. मधोमध हात जोडून सिद्धेशभाऊ. ते आमच्या वसईतल्या प्रभागाचे भावी नगरसेवक. निवडणूक इतकी लांबत गेली की ‘भावी’ हे त्यांचं आडनावच वाटू लागलं होतं. खाली लिहिलं होतं : कै. कृष्णा राऊळ यांच्या स्मरणार्थ भव्य रक्तदान शिबिर. प्रत्येक दात्यास हेल्मेट.

मी हरकत घेतली नाही. शेवटच्या आजारात बाबांना अनोळखी माणसांचं रक्त पुन्हा पुन्हा चढवलं होतं. त्यातली निदान एक पिशवी परत करावी, एवढंच मला हवं होतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये भाऊंनी माइक घेतला. “मी राऊळांच्या घरचाच. पण रीत म्हणजे रीत. पहिली पिशवी घरच्यांची. क्षितिजाताईंचं झाल्याशिवाय कुणी खाटेवर चढायचं नाही.” फोटोग्राफरला त्यांनी माझ्या खाटेशी उभं केलं, मागे बॅनर येईल अशा बेताने.

रक्तपेढीच्या डॉक्टर अश्लेषा माझ्याहून लहान दिसत होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा धरलं.

“धावत आलात का?”

“नाही. लिफ्टने.”

“नाडी फार जलद आहे. बीपीसुद्धा वर आहे. नाडी शंभरच्या आत आली तरच घेता येईल. टेन्शन आहे का कसलं?”

“छे,” मी म्हटलं. वर्षभर मी सगळ्यांना हेच सांगत आले होते. नाडीला कुणी कळवलं नव्हतं.

तणावात शरीर काय करतं ते मी वाचलेलं आहे. समोर वाघ असल्यासारखं हृदय पळतं, रक्त स्नायूंकडे धावतं, बोटं गार पडतात. वाचल्यामुळे वाघ जातो, असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

मग हॉलने मला शांत करायला घेतलं. तळमजल्यावरच्या फेलिशिया आंटी मूळच्या पाचूबंदरच्या. त्या पाण्याची बाटली आणि एक वाळवलेलं केळं घेऊन आल्या. “पानी पी आधी. हे सुकेळं खा. आन बापाचा विचार नको करू.”

“असं कसं आंटी?” सोसायटीचे सेक्रेटरी संकेत म्हणाले. “शिबिर बाबांच्या नावाने, आणि विचार करायचा नाही?”

“रक्त दिल्यावर करंल ना!”

कुणी एक नाकपुडी दाबायला लावली, कुणी आकडे उलटे म्हणायला. रांगेतून एक जाडजूड माणूस ओरडला, “ताई, जरा पटकन शांत व्हा ना, मला ड्युटीवर जायचंय!”

नाडी पुन्हा पाहिली. आधीपेक्षा जास्त.

“आज नको,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

“मग पहिली पिशवी कोणाची?” रांगेने विचारलं.

“भाऊंची,” आंटी म्हणाल्या. “आत्ताच बोलले ना, राऊळांच्या घरचे.”

टाळ्या पडल्या. भाऊंनी आजवर असंख्य शिबिरांची उद्घाटनं केली होती आणि प्रत्येक ठिकाणी बाही वर करून, फोटोपुरते आडवे झाले होते. आता ते हसत आडवे झाले. नाडी, बीपी, सगळं छान. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुईचं टोपण काढलं.

भाऊंच्या कपाळावर घाम फुटला. ओठ पांढरे पडले, डोळे फिरले.

“पाय वर धरा!”

जवळ मीच होते. दोन्ही घोटे धरून उचलले. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला.

“घाबरले की काहींची नाडी एकदम पडते,” डॉक्टर सांगत होत्या. “डोक्याकडे रक्त कमी जातं. येतील शुद्धीवर.”

भाऊंनी डोळे उघडले. “झालं?”

“सुई अजून लावलेली नाही.”

“आणि फोटो?”

“तो झाला.”

मी हसले. चांगलं मोठ्याने. हसू थांबेना, आणि थांबेना तेव्हा कळलं की ते हसू राहिलेलं नाही. भाऊंची पावलं बर्फासारखी होती. बाबांची अशी झाली तेव्हा मी त्यांना मोजे चढवले होते, आणि नर्सला विचारलं होतं, पंखा कमी करता येईल का.

आंटींनी भाऊंचे पाय माझ्याकडून घेतले. “आन इकडे. तू रड.”

बऱ्याच वेळाने डॉक्टर शेजारी येऊन बसल्या. मी मनगट पुढे केलं. त्यांनी ते नुसतंच धरलं. “आज नाहीच घेणार. नंतर कधीतरी रक्तपेढीत या. तिथे फोटोग्राफर नसतो.”

“येईन,” मी म्हटलं.

तोवर रीत सगळेच विसरले होते. पलीकडच्या खाटेवर तो ड्युटीवाला माणूस मूठ उघडमीट करत होता, पिशवी भरत होती. पहिली पिशवी. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि नाव विचारलं.

“मर्विन,” तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून चुळबुळला. “ताई, तुम्ही अशा रडलात तर माझी नाडी वाढेल. जरा तिकडे बघून रडा ना.”

मी तोंड तिकडे वळवलं. खुर्ची हलवली नाही.