पाइपाच्या मापाचा व्हॉल्व्ह

डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण खणखणून उठलं. मी तो चटकन उचलून छातीशी धरला आणि कान टवकारले. दारापलीकडे काही हललं नाही.

दार लावून बसता येईल अशी आमच्या घरात एकच जागा, ही सामानाची खोली. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, पाठीशी धान्याचे डबे, डोक्यावर पाहुण्यांच्या गाद्या. आणि दाराबाहेर भिंगरी, माझी लेक. दुपारी गादीवर झोपेल तर शपथ! दाराला पाठ टेकते, खालच्या फटीतून चार बोटं आत सरकवते आणि तशीच पेंगते. दार आत उघडतं. उघडलं की ती गडगडत आत येणार आणि भोकाड पसरणार. म्हणजे ती झोपली की मी कोंडलेली. कामाचा वेळही तोच.

फोनवर साहेब होते.

"राजकन्या झोपलेली दिसतेय," माझी कुजबुज ऐकून ते म्हणाले. "झालं का गं इस्पितळाच्या धुलाईघराचं?"

"झालं. पण सर, चार इंची व्हॉल्व्ह फार मोठा होतोय. त्याच्या निम्म्यानं भागतंय."

"पाइप चार इंची आहे ना?"

"पाइप असू दे. वाफ तेवढी नाहीये."

माझं काम एवढंच: नळीतून जाणाऱ्याला किती वाट द्यायची ते ठरवायचं. पाणी असेल तर ते व्हॉल्व्हच्या आत उकळून फुटणार नाही एवढं पाहावं लागतं. वायू आणि वाफ जात्याच चंचल. पुढचा दाब मागच्याच्या साधारण निम्म्याखाली गेला, की तो आणखी कमी करून काही साधत नाही. अरुंद जागी वाफ तुंबते, जाईल तेवढीच जाते. हे सगळं मांडून माप काढायचं. पण या वेळी वाफेचा आकडाच फुगून आला होता. धुलाईघरानं चादरी जास्त धरल्या, यंत्रवाल्यानं वर पाव वाढवला, प्रोजेक्टवाल्यानं आणखी पाव, आमच्या विक्रीवाल्यानं 'कमी पडायला नको' म्हणून थोडं. येईल त्यानं भाजीत मीठ टाकलं, चव कुणीच घेतली नाही. मी फोन करकरून एकेकाची चिमूट बाहेर काढली होती.

"अगं, मोठा असला तर बिघडलं काय?" साहेब म्हणाले. "ढगळ सदऱ्यात माणूस मावतो."

"मावतो, पण पायजमा ढगळ झाला की चालताना हातात धरावा लागतो."

साहेब हसले. मला वाटलं, जमलं. त्याच दमात पुढचं सांगून टाकलं, "बाहेरून चार इंचीच देऊ. पाइपाला बसेल, कुणी तक्रार करणार नाही. आतली ट्रिम तेवढी लहान घालू." ट्रिम म्हणजे व्हॉल्व्हच्या पोटातला, वाफेची वाट उघडणारा-मिटणारा भाग.

"ट्रिम मागवावी लागेल. चार इंची तयार आहे आणि गाडी दारात उभी आहे. तुझा मापाचा कागद आला की निघेल." मग आवाज खाली आला. "हे बघ, तुला घरून काम करू द्यावं म्हणून मी वर किती बोलणी खाल्लीत, तुला कधी सांगितलं नाही. आता 'घरात बसून माल अडवते' असं त्यांना म्हणायला मिळालं, तर माझ्या हातात काही राहणार नाही गं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही चार शब्द सुनावले असते. पण माणूस चांगला. चांगल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

"बघते," म्हटलं आणि फोन ठेवला.

बघायचं काय होतं? ते मी तिथे जाऊनच पाहिलं होतं. त्याच इस्पितळाच्या जुन्या धुलाईघरात असाच ढगळ व्हॉल्व्ह होता. जेमतेम फटीएवढा उघडायचा. त्या फटीतून वाफ सुसाटत, आत झडप टेकते ती बैठक खरवडायची, आणि दांडा सारखा वरखाली, वरखाली. दाब कधी चढलेला, कधी पडलेला. शेवटी बॉयलरवाल्या काकांनी तो बंद केला आणि बाजूच्या नळीचं चाक हातानं फिरवत उभे राहिले. पाळी संपेपर्यंत, रोज. कोपऱ्यातल्या स्टुलावर फडकी वाळत होती.

"ताई, नव्यात तरी मापाचा द्या," गुडघा चोळत ते म्हणाले होते. "बसायचं म्हणजे काय, विसरलो बघा."

"देते काका," मी म्हटलं होतं. सहज. जणू माझ्याच हातात होतं.

घरी येऊन भिंगरीलाही ते सांगितलं. तेव्हापासून ती पातेल्याचं झाकण धरून काका होते. उभ्या उभ्या गरागरा फिरवते. मग मी म्हणायचं, "व्हॉल्व्ह आला हो काका!" की धपकन बसते आणि खिदळते.

फटीतली चार बोटं झोपेत मिटली, उघडली. दार आणि टेबल यांच्यामध्ये पाय लांब करण्याइतकीही जागा नव्हती. गाडी उभी होती. कागद गेला नाही तर उद्यापासून पूर्ण दिवस ऑफिस; भिंगरीला कुणाच्या दारी सोडायचं? नवरा फिरतीवर. दोन्हीकडची आजी-आजोबा मंडळी आपापल्या दुखण्यांत. महिनाभर हेच घोळवतेय, वाट काही सापडत नाही.

मी फुगलेला आकडा होता तसा परत घातला. माप चार इंच आलं. यायचंच. बेरीज कुणाची भीड ठेवत नाही, घालाल ते देते. खाली माझं नाव लिहिलं. शेरा टाकला: 'प्रत्यक्ष वाफ कमी असल्यास लहान ट्रिम बसवावी.' असले शेरे कुणी वाचत नाही, हे मला माहीत आहे.

पाठवलं. लगेच उत्तर आलं, 'शाब्बास!'

फोन पुन्हा डब्यावर ठेवताना हात चुकला आणि झाकण खणकन खाली पडलं.

बोटं दचकून फटीबाहेर गेली. मग तिथे नाक आलं, एक डोळा आला.

"आई, काम झालं?"

"झालं गं सोन्या."

"काकांचा व्हॉल्व्ह गेला?"

"हो, गाडीत बसून गेला."

डोळा क्षणभर नाहीसा झाला. बाहेर पातेल्याचं झाकण फरशीवर घरंगळल्याचा आवाज आला. मग पुन्हा तो डोळा, झोपेनं लाल, हसरा.

"मग आता ते काका बसले?"