धाकट्या डिस्कमधला आवाज

मी बोलतेय, गोरक्षच्या कॉम्प्युटरमधली धाकटी हार्ड डिस्क. ओळख पटली नाही ना? पटणार कशी! लोक पडद्याचं कौतुक करतात, फार तर कीबोर्डवरची धूळ झटकतात. सगळ्यांचं सगळं जपणारी मी मात्र पत्र्याच्या डब्यात, थोरल्या डिस्कच्या खाली, अंधारात.

१९९६ साली कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सॅम्युएलने मला नगरहून आणलं. गोरक्ष शनिशिंगणापुरात लग्नपत्रिका नि दुकानांच्या पाट्या जुळवून द्यायचा. थोरली भरून गेली म्हणून मी आले. घराला चौकट होती, पण दार नव्हतं, नुसता पडदा. आलेला माणूस उंबऱ्यात उभा राहून हाक मारायचा. कुलूप लावलं तर शनिदेवाचा कोप होतो, म्हणून तो शब्दसुद्धा या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे.

सॅम्युएलने माझ्या मागच्या पिनांवर एक चिमुकली प्लास्टिकची टोपी बसवली. गोरक्षची आई चांगुणा शेजारीच उभी होती. “ह्ये रं काय, बाबा?” तिने विचारलं.

“हिचं कुलूपच समजा, मावशी,” तो हसत म्हणाला. “ही टोपी आहे तोवर धाकटी धाकटीसारखी राहील. थोरलीशी भांडणार नाही.”

चांगुणाचं तोंड उतरलं. ते माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तेव्हा गोरक्षची बायको पुष्पावती पोटुशी होती. गोरक्षने नवा माईक आणला आणि तिच्यापुढे धरला. “म्हण ना गं काहीतरी.”

“इश्श! पोटातलं ऐकंल की!”

पण गायली. आपल्याच मनाने जुळवलेली एक अंगाई. मग जरा खोकली आणि म्हणाली, “झालं का हो?” एवढंच माझ्यात साठवलं गेलं. जे ठेवतात तेच मी परत देते, त्यात कमी नाही की जास्त नाही. आम्हा डिस्कांचा हाच एक धर्म, तेवढा ध्यानात असू द्या.

बाळंतपणात पुष्पावती गेली. मुलगी वाचली. बारशाला आत्याने तिचं नाव सायली ठेवलं. कधी नाही ते पाळण्यापाशी सगळे रडले.

त्यानंतर चांगुणा घरभर काहीतरी शोधत हिंडायची. काय चुकलं, कुठे चुकलं, हेच तिचं चाललेलं. एका दुपारी डब्याची झाकणी काढून ठेवली होती. ती माझ्यापाशी वाकली. “माज्याच घरात कुलूप हुतं,” असं पुटपुटत तिने नखाने माझी टोपी उपटली. मला तिचा राग आला नाही. टोपी पदराखाली लपवून ती निघून गेली.

टोपी गेली नि घोटाळा झाला. मला जोडलं की कॉम्प्युटर सुरूच होईना, काढलं की चालायचा. मग दोष कुणाचा? माझाच! गोरक्षने मला नगरला नेलं. दुकानदार बघण्याआधीच म्हणाला, “फॉरमॅट मारावी लागेल, सगळं पुसलं जाईल.” गोरक्षने मला त्याच्या हातातून हिसकावूनच घेतलं. पुष्पावतीचा आवाज माझ्याखेरीज कुठेच नव्हता. कॅसेटवर उतरवू, उतरवू म्हणता राहून गेलं होतं. पुन्हा म्हणून त्याने मला कुणाला दाखवलं नाही. तिच्या शालीत गुंडाळून फडताळात ठेवलं.

वीज नसली की मी मेल्यासारखी असते. तरीही त्या फडताळात कधी कधी कुणीतरी गुणगुणायचं. माझ्या आतून नव्हे, माझ्या शेजारून.

सायली मोठी होऊ लागली. “माजी आई कशी बोलायची?” असं विचारायची. गोरक्ष तिच्या फोटोकडे बोट दाखवायचा. आवाज काही फोटोसारखा भिंतीवर टांगता येत नाही.

१९९९ साली, दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून जो तो घाबरला होता. गोरक्षने सॅम्युएलला बोलावलं. काम झाल्यावर गोरक्षने मला भीतभीत शालीतून काढलं. सॅम्युएलने मला उलटं केलं.

“हिची टोपी कुणी काढली?”

मग चांगुणा पुढे झाली. “मी काढली. कुलूप म्हनला हुतास तू. त्यानंच माजी सून न्हेली, आसं वाटलं मला.”

सॅम्युएलचा चेहरा पडला. “मावशी, मी गमतीनं म्हणालो होतो हो.”

चांगुणाने देवघरातला कुंकवाचा करंडा आणला. तळाशी टोपी होती, लालभडक झालेली. तिने ती मुठीत घट्ट धरली. पुन्हा लावायची म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

“लाव,” अखेर ती म्हणाली. “पोरीला आईचा आवाज ऐकू दे. कोप व्हायचा तर माज्यावर हू दे.”

मी फिरू लागले. भर दुपार होती, वारा मुळीच नव्हता. सायली आत यायला भीत होती, पडदा धरून उंबऱ्यातच उभी होती. अंगाई सुरू झाली. गोरक्षने तोंडावर हात दाबला. गाणं संपलं, खोकला आला. आता “झालं का हो?” यायचं.

आलं ते निराळंच.

“उंबऱ्यात का गं हुबी? ये की आत, सायले.”

कुणाच्याने हलवेना. ते नाव ठेवलं गेलं, तेव्हा पुष्पावती या जगातच नव्हती. शपथ घेऊन सांगते, ते वाक्य माझ्यावर कुणी लिहिलेलं नव्हतं.

सायली मात्र “आले” म्हणाली आणि सरळ आत येऊन बसली.

सॅम्युएलने घाईघाईने थोरलीवर जागा करून नक्कल उतरवली. नकलेत अंगाई आहे, खोकला आहे, “झालं का हो?” आहे. हाक नाही. ती फक्त मी फिरते तेव्हाच येते.

आता एवढ्या वर्षांनी माझा आस झिजलाय, फिरताना कर्र वाजते. नक्कल आहे, तर ही जुनी कशाला, असं गोरक्ष म्हणतो. खरं तर तो मला भितो. मीही स्वतःला भिते. तरी विनवते, मला एवढ्यात भंगारात घालू नका. पोरीला अजून पुष्कळ विचारायचंय.

परवा सायलीने मला लावलं. एकटीच होती, पाटावर पसरून बसली होती. गाणं संपलं, खोकला आला, आणि मग माझ्यातून आवाज आला, “सरक गं जरा. मलाबी बसू दे.”

सायली सरकली.