आठवड्यातून एकदा

श्वासाला मदत करणाऱ्या एका घरगुती यंत्राच्या पडद्यावरचा सगळा मजकूर तिने आपल्या भाषेत आणला होता. एकेका स्वल्पविरामावरून ती प्रोग्रामरशी हुज्जत घालायची, म्हणून ऑफिसात तिचं नावच 'स्वल्पविराम' पडलं होतं. तिच्या मामांनी तेच यंत्र घेतलं. भाचीने लिहिलंय म्हणजे मला समजणारच, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मामांच्या छातीत संसर्ग होऊन त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मामीला विचारलं, यंत्राच्या बाटलीतलं पाणी कधी बदलता? आठवड्यातून एकदा, मामी म्हणाली. पडद्यावर तसंच येतं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाणी रोज बदलायचं असतं, नाहीतर त्यात जंतू वाढतात.

भाची शेजारीच उभी होती.

ती तडक ऑफिसात गेली आणि त्या वाक्याचा इतिहास उघडला. मूळ इंग्रजी मजकुरात पूर्वी खरंच 'आठवड्यातून एकदा' होतं. सात महिन्यांपूर्वी कंपनीने ते 'रोज' केलं. मूळ वाक्य बदललं की त्याचं भाषांतर पिवळं होऊन तिच्याकडे परत यायचं. तिने जुनं-नवं ताडून पाहिल्यावरच ते पुढे जायचं. हेही आलं होतं. त्या दिवशी एकशे बारा वाक्यं पिवळी होती. पहिल्या सत्तरेक वाक्यांत नुसते पूर्णविराम बदलले होते. उरलेली तिने कंटाळून एकदम निवडली आणि 'भाषांतर योग्य आहे' हे बटण दाबलं. नोंदीत तिचंच नाव होतं.

तिने व्यवस्थापकाला सगळं सांगितलं. वाक्य लगेच दुरुस्त झालं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या यंत्रांवर पोचलं. पण ते यंत्र नऊशे घरांत होतं. त्यांना 'सूचना अधिक स्पष्ट केली आहे' एवढंच कळवू, असं व्यवस्थापकाचं म्हणणं पडलं.

"आणि जे आजारी पडलेत, ते डॉक्टरांना काय सांगतील?" तिने विचारलं.

"तुझी नोकरी जाईल," तो हळूच म्हणाला. तो धमकावत नव्हता. त्यालाही घाम फुटला होता.

तिने पत्र स्वतःच लिहिलं: चूक काय, कधीपासून, आता काय करायचं. ते थेट वरच्या साहेबांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी पत्र जसंच्या तसं घरोघर गेलं आणि चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवण्यात आलं.

मामा घरी आले, पण चार पायऱ्या चढले तरी त्यांना धाप लागायची. तिने दोघांसमोर बसून सगळं सांगितलं. मामी उठून आत निघून गेली. इतके दिवस मामी स्वतःलाच दोष देत होती.

"बाकीच्यांना कळलं का?" मामांनी विचारलं.

सगळ्यांना नाही. बावीस घरांतून पत्र मिळाल्याची पोच आली नव्हती. व्यवस्थापकाने नियम मोडून तिला ती यादी दिली. तिने मामांच्याच घरून एकेकाला फोन लावायला घेतला. सोळाव्या घरी एका बाईंनी उचलला. यंत्र आता लागत नाही, त्या म्हणाल्या. दोन महिन्यांपूर्वी छाती भरून त्यांचे यजमान गेले.

ते पाण्यामुळेच झालं का, हे तिला माहीत नव्हतं. आता कुणालाही कळणार नव्हतं. फोन ठेवून देता आला असता.

"मी तुम्हाला एक सांगणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही आधी बसून घ्या."