दोरीचं दुसरं टोक

त्या गल्लीत ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणारे चार जण होते, पण दोरीवाले एकच. गाडी आली की बाकीचे तिघे हातोडी उचलायचे, हे आधी दोरी काढायचे. गवंडी वापरतात तसली साधी दोरी. गाडीखाली पुढच्या डाव्या बोल्टपासून मागच्या उजव्या बोल्टपर्यंत ती ताणायची, खूण करायची, मग पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन्ही मापं सारखी आली तर गाडीचा सांगाडा सरळ. नाही आली तर गाडी वरून कितीही चकचकीत दिसो, आत कुठेतरी वाकलेली आहे.

दुसरं टोक तीस वर्षं त्यांच्या बायकोने धरलं. घर गॅरेजच्या मागेच होतं. हाक आली की ती हातातलं काम टाकून यायची, पुठ्ठ्यावर आडवी होऊन गाडीखाली सरकायची आणि ताणलेली दोरी बोटाने छेडायची. दोन्ही वेळा आवाज एकसारखा आला तर ताण सारखा, नाहीतर माप खोटं. दोरीवाल्यांचा कान मठ्ठ होता, तो भाग तिचा. आवाज बसका आला की खालून म्हणायची, "ओढा की जरा. जेवला नाहीत का?"

ती गेल्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून दोरी खिळ्याला होती. दोरीवाले काम करत होते, पण नजरेने. एका गिऱ्हाइकाने दोरीचं विचारलं तर आता डोळाच सरावलाय म्हणाले.

त्यातच लेकीची गाडी आली. सिग्नलला उभी असताना टेम्पोने मागून धडक दिली होती. दोरीवाल्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, फुटलेला बंपर काढून नवा बसवला. जावई एका मोठ्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. त्याने गाडी कॉम्प्युटरला लावली, त्यालाही काही सापडलं नाही. सासरे-जावयाचं एरवी कशावरच एकमत नसायचं. जावई दोरीला सासऱ्यांचा कॉम्प्युटर म्हणायचा आणि सासरे कॉम्प्युटरला जावयाचा टीव्ही. या गाडीत काही नाही, यावर मात्र दोघांचं जमलं.

महिन्याभराने लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. जावई त्याच्या कामामुळे सध्या इथेच राहणार होता. सहा तासांचा रस्ता, मागच्या सीटवर तिची दोन्ही जुळी मुलं. निघायच्या दिवशी सकाळी सगळे निरोप घ्यायला गॅरेजवर आले. शेवटची बॅग दोरीवाल्यांनी ठेवली आणि डिकी लावायला गेले, तर ती लागेना. लेक म्हणाली, जरा उचलून लावा, बंपर बदलल्यापासून तिला नखरे सुचतात.

दोरीवाल्यांनी डिकी उचलून लावली आणि तिथेच उभे राहिले. डिकीच्या डाव्या फटीत एक नाणं मावलं असतं, उजवीकडच्या फटीत दोन. मग त्यांना आठवलं. बंपर बसवताना एक भोक जुळत नव्हतं. त्यांनी कानस मारून ते मोठं केलं होतं. तीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं, आणि केलं ते पोटच्या पोरीच्या गाडीला.

ते आत गेले आणि खिळ्यावरची दोरी घेऊन आले. जावयाने घड्याळ बघितलं. गाडी तपासून झाली आहे, उशीर केला तर वाटेत ऊन लागेल, असं तो नरमाईने म्हणाला.

"तुमच्या टीव्हीला वायरी कळतात," दोरीवाले म्हणाले. "लोखंड कळत नाही."

प्रवासाचे चांगले कपडे घातलेली लेक पुठ्ठ्यावर आडवी झाली. लहानपणी आईचं हे काम तिने उंबऱ्यात बसून शेकडो वेळा पाहिलं होतं. टोक बोल्टला धरून तिने दोरी छेडली. आवाज बसका आला.

"बाबा, ओढा की. जेवला नाहीत का?"

दोरीवाल्यांनी दोरी अशी ओढली की ती टणकन वाजली. पहिली खूण झाली, टोकं बदलून दुसरी झाली. दोन खुणांत अंगठाभर अंतर होतं.

जावई म्हणाला, दोरी जुनी आहे, ताणली गेली असेल. दोरीवाल्यांनी वाद घातला नाही. आपलं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने स्वतः दोन वेळा मापलं. अंतर अंगठाभरच.

मग जावयानेच बॅगा उतरवल्या, डिकीतला गालिचा उपटला, स्टेपनी बाहेर काढली. उजव्या बाजूला कोपऱ्यात रंगाला केसाएवढी चीर होती. तिच्याखाली, जिथे एरवी कुणी हात घालत नाही, तिथे गाडीचा मागचा दांडा कागदासारखा दुमडला होता. मागून धक्का बसला की तो दांडा चेपून आतल्यांना वाचवतो. हा आधीच चेपलेला. पुढचा धक्का मुलांच्या सीटपर्यंत गेला असता.

जावई बराच वेळ त्या घडीवरून बोट फिरवत बसला. "मी पास केली होती ही गाडी," तो म्हणाला.

"आधी मी केली," दोरीवाले म्हणाले. "उठा, साखळी आणा."

लेकीने नोकरीच्या ठिकाणी फोन करून चार दिवस मागून घेतले. सासरे-जावयांनी मिळून मागची बाजू साखळीने ओढून मापात आणली, दुमडलेला तुकडा कापून नवा जोडला. या चार दिवसांत टीव्हीचं नाव कुणी काढलं नाही. पाचव्या सकाळी लेक पुन्हा पुठ्ठ्यावर आडवी झाली. दोन्ही वेळा दोरी एकाच सुरात वाजली, खुणा एकीवर एक बसल्या. जुळ्यांपैकी धाकटीने डिकी एका बोटाने लावून दाखवली आणि टाळ्या घेतल्या.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत दोरीवाले हात हलवत होते. मग त्यांनी आत येऊन कामाची वही काढली आणि या नऊ महिन्यांत आलेल्या ठोकलेल्या गाड्यांच्या मालकांची नावं शोधली. अकरा निघाली. पहिला नंबर लावून ते म्हणाले, "गाडी घेऊन या. चूक माझी आहे, दोरी लावायची राहिली."

"रविवारी बोलवा," मागून जावई म्हणाला. तो पुठ्ठा झटकत होता. "दुसरं टोक मी धरतो. फक्त कान कसा लावायचा ते सांगा."

"ते मला येत नाही," दोरीवाले म्हणाले. "तुमच्या बायकोला फोन करून विचारा."