मावळतीची नजर

संध्याकाळचं डॉक्टरीणबाईंना सांगायचं नाही, असं शीलानं बोरी अरबच्या स्टँडवर एसटीची वाट पाहतानाच मैत्रेयीला बजावून ठेवलं होतं.

"काहून?" मैत्रेयीनं विचारलं. डोक्यावरून ओढलेल्या ओढणीखालीही तिचे डोळे गच्च मिटलेले होते.

"मी सांगून राह्यली म्हणून."

सहा वर्षांची पोर, पण उन्हात निघाली की म्हातारीसारखी हात पुढे करून चालायची. तान्ही होती तेव्हापासून तिची बुबुळं सारखी थरथरत, वाऱ्यात धरलेल्या वातीसारखी. पहिल्या बाकावर बसूनही फळ्यावरचं दिसत नव्हतं. दारव्ह्याच्या चष्मेवाल्यानं जाड चष्मा दिला, त्यानं नाकावर वळ उठले तेवढेच.

आणि हीच पोर दिवस मावळला की अंगणात पाखरासारखी सुटायची. लपाछपीत सगळ्यांना हुडकून काढायची, बाजेखाली दडलेलं कोंबडीचं पिल्लू धरून आणायची. तिथंच सगळा घोळ होता.

"कामाच्या टायमाले डोळे जातात अन् खेळाच्या टायमाले वापस येतात," सासू, सत्यशीलाबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. "असा आंधळेपणा आमच्या सात पिढ्यात कोनाले नाई पाह्यला, बाप्पा. शाळा बुडवाचं ढोंग हाये हे." जयंतीच्या आधी शाळेत पंचशील ध्वज रंगवायला दिला, तर मैत्रेयीनं लाल पट्टा काळा करून आणला. त्या दिवशी तर आजीनं कपाळालाच हात लावला होता.

संघदीप, मैत्रेयीचा बाप, दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो फोनवर एवढंच म्हणाला होता, "शीला, पोर खोटारडी निघाली ना, तं मी पेढे वाटीन."

पण पोर ढोंग करत नाही, हे शीलाला ठाऊक होतं. आईला कळतंच ते. भीती वेगळीच होती: डॉक्टरीणबाईही सासूसारख्याच हसल्या आणि घरी पाठवलं तर? तोवर पोरीचे डोळे पार विझले तर? म्हणून संध्याकाळची गोष्ट तिनं पदराच्या गाठीत बांधल्यासारखी स्वतःशीच ठेवली.

यवतमाळच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉ. आभा यांनी शीलाला पोरीला मांडीवर घेऊन बसायला सांगितलं. खिडकीला काळं कापड, छताला लख्ख पांढरा दिवा. बॅटरीचा झोत डोळ्यांवर आला तशी मैत्रेयी किंचाळली आणि तिनं आईच्या कुशीत तोंड खुपसलं. गोड बोलून, खडीसाखर देऊन, औषधाचे थेंब टाकून कशीबशी तपासणी झाली. डॉक्टरीणबाई बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या.

"डोळ्याचा पडदा वरून तर बरा दिसतोय," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

त्या 'तर'पाशी शीलानं पोरीला घट्ट धरलं.

"अंधारात कशी वागते? रात्री अडखळते का?"

शीलानं पोरीची ओढणी सारखी केली. "तसं... सारखंच हाये, मॅडम. दिवसा काय अन् राती काय."

मैत्रेयीनं मान वर करून आईकडं पाहिलं.

आणि लाइट गेली.

खोलीत एकदम गुडुप्प झालं, दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघ तेवढी. डॉक्टरीणबाईंच्या हातातून सुटलेली बॅटरी टेबलावरून घरंगळली, विझली आणि खाली कुठंशी गेली. त्या वाकून चाचपडू लागल्या. शीलाच्या मांडीवरचं ओझं हलकं झालं. काय होतंय ते कळायच्या आत मैत्रेयीचा आवाज आला, सरळ, निवांत.

"मॅडम, तिकडं नाई. खुर्चीच्या पायाजोळ हाये. हे घ्या."

"मैतू, बस खाली," शीला ओरडली. झालं. उघड पडलं. आता म्हणतील, बाई, पोर तुमची चांगली धडधाकट आहे, न्या घरी.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दाराकडं तोंड करून म्हणाल्या, "जनरेटर लावू नका रे इतक्यात." मग खिडकीचं कापड बोटभर सरकवलं आणि बोटं दाखवून विचारू लागल्या. दोन. चार. एक. मैत्रेयी डोळे उघडे ठेवून सांगत होती. दवाखान्यात आल्यापासून तिनं ते पहिल्यांदाच धड उघडले होते.

"रंग ओळखते ही?"

शीलानं मान खाली घालून झेंड्याची गोष्ट सांगितली. मग संध्याकाळच्याही सगळ्या सांगितल्या, पिल्लाची, लपाछपीची. सांगता सांगता रडायला लागली.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"ढोंग हाये म्हणसान असं वाटलं, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी स्टूल जवळ ओढलं. मग सोपं करून सांगितलं. पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. उजेडातल्या, त्या रंग आणि बारीक अक्षर पाहतात. आणि अंधुक उजेडातल्या. मैत्रेयीच्या पहिल्या पेशी जन्मापासूनच काम करत नसाव्यात. आजार क्वचितच दिसतो. गडद लाल काचांचा चष्मा लावला की ऊन सोसेल, पहिल्या बाकावरच बसवा, मोठ्या अक्षरांची पुस्तकं द्या.

"अन् दुसऱ्या पेशी? त्या तं राहतीन ना?"

"बहुतेक राहतात. पण अगदी असाच दिसणारा दुसरा एक आजार आहे, त्यात पुढं पुढं त्याही जातात. यातला कोणता, ते नागपूरच्या तपासणीनंतर सांगता येईल. खोटा धीर देणार नाही मी तुम्हाला."

परतीच्या एसटीत मैत्रेयी झोपली. शीला तिच्या मिटल्या पापण्यांकडं पाहत बसली.

बोरीला उतरल्या तेव्हा दिवस मावळला होता आणि गावातही लाइट नव्हती. शीला मुद्दामच दोन पावलं मागं राहिली. पोर पुढं, आई मागं. प्रत्येक पावलाला जीव टांगणीला.

"माय, हळू. नाली खंदून ठेवली हाये इथं."

शीलाला नाली दिसली नव्हती. ती थांबली. आज दिसतंय. उद्या? दिवाळीत? पोरीला दिसतं म्हणून मावळतीच्या ज्या वेळेचा तिला आजवर भरवसा होता, तीच वेळ आता परीक्षेसारखी रोज येणार होती.

"पुढं काय हाये, सांग बरं."

"म्हैस हाये. अन् आजी उभी हाये दारात."

दारातल्या अंधारातून सत्यशीलाबाईंचा आवाज आला. "काय म्हणे वो डॉक्टरीण? ढोंगच हाये ना?"

रोजचा टोमणा नव्हता तो. म्हातारीचा आवाज कापत होता. ढोंगच असू दे, असं तीही किती दिवसांपासून मागत होती, ते शीलाला आत्ता उमगलं.

"नाई आई. ढोंग नाई. अन् रातचं दिसनं तरी राह्यते का जाते, ते नागपूरले समजन."

त्याच वेळी लाइट आली. अंगणातला बल्ब भसकन पेटला आणि मैत्रेयीनं डोळ्यांवर हात घेतले. शीला बटणाकडं धावणार, त्याच्या आधी म्हातारीनंच तो विझवला.

"जाय, खेळ माय," ती म्हणाली.

मैत्रेयी अंगणात पळाली. सासूसून अंधारात एकमेकींना धरून तिची पावलं ऐकत राहिल्या, कुठं अडखळतात का ते.