पडलेली क्ले

दिपिकाला आपल्या हातावर फार भरवसा होता, आणि खोटं कशाला बोला, तो वाजवीही होता. ठाण्यात गाड्या चकाचक करायचं काम शिकून ती जव्हारला परतली आणि मोखाड्याच्या रस्त्यावर तिनं स्वतःचं वॉशिंग सेंटर थाटलं. गिऱ्हाईक आलं की "ठेवून जा, संध्याकाळी तुमची तुम्हाला ओळखू येणार नाही," एवढंच सांगायची.

त्या दिवशी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि तोही गाडीपायी नव्हे, आईपायी. दिवाळी सरली होती, गावची, जामसरची माणसं वीटभट्टीवर कामाला निघाली होती. तिच्या आईनं, सुकीनंही दरवर्षीसारखं गाठोडं बांधलं होतं. पोरीनं फारच डोकं खाल्लं तेव्हा ती म्हणाली, "एक गाडी तुझ्यासंगं करून बघंन. उपेगी पडले तर राहीन. नाय तर दुपारी मुकादमाची जीप येल, तिच्यात बसंन." बसून पोरीचं खाणं तिला या जन्मी जमणार नव्हतं.

गाडी सुदर्शन सरांची, काळीभोर. घराचं गेट स्प्रेनं रंगवताना ती शेजारी उभी होती, म्हणून अंगभर रंगाचे बारीक कण चिकटले होते आणि धुऊन निघत नव्हते. दिपिकानं क्लेच्या, म्हणजे पत्र्यावरचे कण काढायच्या चिकणमातीसारख्या मऊ वडीचे दोन तुकडे केले, एक आईला दिला.

"शाम्पूचं पाणी मारायचं आणि वरून ही नुसती फिरवायची. कण ती आपणच ओढून घेते. रेटायचं नाही, ही काय भिंत नाही."

सुकी हसली. कुडाच्या भिंती लिंपण्यात जिची हयात गेली, तिला पोर माती शिकवत होती!

काम झोकात चाललं. मग डाव्या दारावर ऊन आलं आणि तिथे बारीक ओरखडे चमकले. दिपिका दाराशी वाकली. पत्रा तापलाय? हात लावून पाहिला, गार होता. पाणी कमी पडलं? दार तर निथळत होतं. आईनं रेटलं? तिचा हात अगदी अलगद फिरत होता. शेवटी दिपिकानं आईच्या हातातली क्ले घेऊन उलगडली. आत वाळू होती.

"आये, ही खाली पडली होती?"

"पडली. उचलली, धुतली, परत मळली. माती कोन टाकून देतंय?"

खरंच, कोण देतं? लिंपताना गळलेला गोळा उचलून पुन्हा मळायचा, हेच सुकी लहानपणापासून करत आली होती. पण दिपिकाचा तोल गेला. "पडलेली क्ले कचऱ्यात जाते! एवढंसुद्धा..." ती थांबली, पण उशीर झाला होता. सुकीनं पदराला हात पुसले आणि गाठोड्यापाशी जाऊन बसली.

दिपिकाला स्वतःचाच संताप आला. क्ले पडली तर काय करायचं, हे तिनं सांगितलंच कुठे होतं? ओरखड्यांची तिला फिकीर नव्हती. पॉलिश मारलं आणि दार पुन्हा आरशासारखं झालं. पण आईला कुठलं पॉलिश लावणार? तिला थोपवायला जे सुचलं ते ती बोलून गेली.

"जायचं तर जा. पण जाण्याआधी एवढं बघून दे. या पिशवीत हात घाल आणि टपावरून फिरव. पातळ प्लास्टिकमधून राहिलेला कण लागतो हाताला."

टप दिपिकानं स्वतः केला होता, त्यामुळे तिथे काही राहिलं असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

सुकीनं हात फिरवला. मध्येच थांबली. "हितं खडबड हाय." पुढे सरकली. "हितं पन. तुला नाय लागली?"

दिपिकानं पिशवी घालून तिथेच बोटं फिरवली. होती खडबड.

इतक्यात रस्त्यावर जीप थांबली. मुकादमाचा माणूस माघ्या ओरडला, "सुकीबाय, चल!"

सुकीनं वळूनही पाहिलं नाही. "मी नाय येत रं. पोरीनं टप कच्चा ठेवलाय."

दिपिकाला हसू आवरेना, रडूही आवरेना. तिनं क्लेचा ताजा तुकडा आईच्या तळव्यावर ठेवला.

"पडली तर?" तिनं विचारलं.

"टाकून देयाची," सुकी म्हणाली. "पन मी पाडतेय कशाला आता?"